वासावरची ड्युटी

बोटाच्या पेराएवढी रबरी गोळी. तिला मादी पतंगाचा वास लावलेला असतो.

माल कीटकनाशक आहे की रबरी वस्तू, याचा आयातदाराने लेखी खुलासा करावा.

बरबटीच्या कोवळ्या शेंगा, पदराच्या गाठीत.

सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारा. त्याआधी फवारू नका.

बंदरावर पत्र्याच्या बंद कंटेनरात एक्केचाळीस दिवस. मे, जून.

शून्य. शून्य. शून्य.

सत्यभामाबाई हसतच दुकानाची पायरी चढल्या.

"शकूरभाई, एक बी पतंग नाही! रोज सकाळी जाऊन पाहून राह्यली. वीसच्या वीस सापळे खाली. धुऱ्यापलीकडचे उकंडराव तीन खेपा फवारून बसले. म्हटलं, फवारा बापा. माह्या वावरात अळीच नाही."

शकूर पंपाचं वायसर पुसत होता. पुसतच राहिला.

संग्रामपूरच्या बाजारात त्याचं हे दुकान. फवारणीचे पंप, त्यांचे सुटे भाग, आणि यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर परदेशातून मागवलेल्या या गोळ्या. गोळी सापळ्यात टांगायची. वासानं गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येतात, अडकतात. सकाळी मोजायचे. अळी आली की नाही, ते असं कळतं. बीटीच्या कापसावर अळी पडत नाही, हे म्हणणं गेल्या वर्षीच संपलं होतं.

औषध की रबर, यावर कस्टममध्ये माल अडला. औषध म्हणावं तर नोंदणीचा कागद नव्हता. शेवटी रबर म्हणून ड्युटी भरली आणि माल सुटला. आठ दिवसांत दीडशे शेतकऱ्यांनी नेला.

काल सकाळी शकूरच्या मुलीनं, गुलनाजनं, दोन सापळे आणून काउंटरवर ठेवले होते. एकाच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर लावलेले. एकात यंदाची गोळी. दुसऱ्यात नागपूरच्या व्यापाऱ्याची, गेल्या वर्षी घरच्या फ्रिजात उरलेली.

जुन्या गोळीला चौदा पतंग. नव्या गोळीला एकही नाही.

तिनं तिथूनच मुंबईच्या क्लिअरिंग एजंटला फोन लावला होता.

"साहेब, गरमीत पडून सारा वास उडाला. मेलेल्या मालावर बी पूर्ण ड्युटी लागते का?"

"जिवंत आहे की मेलेला, ते कोणी विचारत नाही, मॅडम. काय आहे, तेवढंच विचारतात. रबर म्हणून सुटलाय तुमचा माल. रबर आहे ना?"

"आहे."

"मग?"

सत्यभामाबाईंची चार एकर पऱ्हाटी आहे. या आठवड्यात फवारलं तर निम्मी बोंडं वाचतील. पुढच्या आठवड्यात एकही नाही. शकूरला हे कळत होतं. यांना सांगितलं तर उद्या दीडशे जण पायरीवर उभे राहतील, हेही कळत होतं.

"मावशी," कॉम्प्युटरमागून गुलनाज म्हणाली, "आठ-दहा बोंडं फोडून पाहा ना एकडाव. अळी आतमंदी असते."

"आली मोठी शायनी! दहा बोंडं फोडली तर तेवढा कापूस गेला ना मा. अन् सापळा कायले लावला मंग? शोभेले?"

"मावशी, सापळ्याचं असं हाय—"

"गुलनाज," शकूर म्हणाला, "चाय बोल."

गुलनाज उठली नाही.

सत्यभामाबाईंनी पदराची गाठ सोडली. शेंगा काउंटरवर पसरल्या, एक वाकडी निघाली ती परत घेतली.

"पहिला तोडा हाय. सलीमाभाबीले द्या. लसूण घालून करा म्हणा, तुमच्याकडे मसाला लय टाकतेत." मग आवाज उतरला. "पण खरं सांगा, शकूरभाई. हरिओम म्हणते, एकडाव मारूनच टाकू. सकाळपासून दवाई कालवून, पंप भरून बसला हाय पोरगा. मी म्हटलं, थांब, मी विचारून येतो. तुम्ही म्हणान तसं."

शकूरनं एक शेंग उचलली. मोडली.

"सापळ्यात काय हाय?"

"काहीच नाही."

"मंग?"

"तेच मी म्हटलं त्याले!" सत्यभामाबाईंनी काउंटरवर हात आपटला. "तेच! ऐकतच नाही लेकाचा. बरं, दहा गोळ्या अजून द्या. जानेफळले माही बहीण हाय, बनाबाई. तिचा माणूस तर दवाईवरच जगते."

शकूरनं दहा गोळ्या मोजल्या. पुडीत अकरावी टाकली.

"हे कायची?"

"माह्याकडून."

"अल्ला भलं करो तुमचं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. गुलनाज त्यांच्याकडे पाहत होती. बापाकडे नाही.

पायरी उतरता उतरता त्यांनी मोबाइल कानाला लावला. बाजाराचा गलका होता, म्हणून ओरडून बोलल्या. दुकानात सगळं ऐकू आलं.

"हरिओम! खाली कर बे तो पंप. नाही लागत म्हणते शकूरभाई. वावराबाहेर ओत. अन् पह्यले बकऱ्या दूर बांध!"

माल बंदरात उतरला त्या दिवशी, एकवीस मेला, एजंटनं फोन करून विचारलं होतं, पेट्या थंड गोदामात ठेवायच्या का. शकूरनं रोजचं भाडं विचारलं, आणि नको म्हणाला.