चार खिशांचा कोट

नोंग सूमेईने मेलेल्या माणसाच्या अंगातला कोट कात्रीने उभा चिरला, हळूच सोडवला आणि कोठीवाल्याला हाक मारली, "लियाओभाऊ, चार खिशांचा द्या हो. मोठ्या मापाचा."

सकाळपासूनचा हा अकरावा. शाळेच्या अंगणात बाकं जोडून ओटा केला होता. सीमेपलीकडच्या लढाईतून ट्रक यायचा, चार-पाच मेलेले जवान उतरवून परत जायचा. गावातल्या बायकांनी त्यांना धुवायचं, पुसायचं, नवा गणवेश चढवायचा. पहिल्या दिवशी सूमेईला उलट्या झाल्या होत्या. आता होत नाहीत, याचंच तिला वाईट वाटायचं.

फौजेतले हुद्दे मोडून चौदा वर्षं झाली होती. क्रांतीची फौज, इथे सगळे सारखे! खांद्यावर फीत नाही, छातीवर बिल्ला नाही. सेनापती काय आणि आचारी काय, गळपट्टीवर तोच लाल तुकडा. फरक राहिला तो एवढाच, की शिपायाच्या कोटाला दोन खिसे आणि अधिकाऱ्याच्या कोटाला चार. आणि एवढं तर समोरच्या डोंगरातल्या नेमबाजालाही कळतं.

लियाओने चिरलेल्या कोटाचं अस्तर उलटून नाव वाचलं. "तांग योंगफू, तुकडीप्रमुख." यादीत नाव टिपून त्याने चार खिशांचा कोरा कोट आणून दिला.

"तांग मी आहे," फाटकातून आवाज आला.

हात गळ्यात बांधलेला, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. अंगातला कोट त्याला ढगळ होत होता. कोटाला दोनच खिसे होते.

"अहो, मारून टाकलं की तुम्हाला मी आत्ताच!" लियाओ म्हणाला. "मग हा कोण?"

"गुओ शिगुई. माझ्या तुकडीतला. शिपाई."

लियाओने नाव खोडलं आणि सूमेईच्या हातातला कोट काढून घेतला. "शिपायाला दोन खिशांचा."

"मेलेल्याचे कसले खिसे मोजता, भाऊ?" सूमेई चिडली.

"मी नाही मोजत, बाई. संध्याकाळी पक्षाचे कमिसार तपासायला येतात ना, ते मोजतात."

तांग ओट्याजवळ आला. गुओच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत तो बोलायला लागला. "परवा हुकूम आला. शत्रू चार खिसे बघून गोळी घालतो, तेव्हा अधिकाऱ्यांनीही दोन खिशांचेच घालायचे. पण ते कोट काही वर पोचले नाहीत. आज सकाळी हा म्हणाला, तुझा मला दे, माझा तू घाल. एक दिवस मलाही अधिकारी होऊ दे की."

"त्याला ठाऊक नव्हतं?" सूमेईने विचारलं.

"दोघांनाही ठाऊक होतं, मावशी."

तांग पुढे म्हणाला, "सात वर्षं काढली त्याने. बढतीसाठी तीनदा नाव वर गेलं, तीनदा मागे आलं. दर वेळी कुणीतरी शिकलेला मधे यायचा. या वेळी मी आलो."

तो लियाओकडे वळला. "मघाशी हा कोट माझ्या नावावर काढलात ना? मग माझ्या वाटणीचाच धरा. त्याला घाला."

"आणि उद्या तुम्हीच आलात तर? तुम्हाला काय घालू?"

"दोन खिशांचा घाला."

लियाओने यादीकडे पाहिलं, तांगकडे पाहिलं. "काय माणसं आहात रे तुम्ही," असं पुटपुटत त्याने कोट ओट्यावर ठेवला. "कमिसारांचं मी बघतो."

सूमेईने गुओला कोट चढवला. हात ताठरले होते, बाही जाईना. तांगने आपल्या धडक्या हाताने खांदा उचलून धरला. तिने सगळी बटणं लावली. चारही खिशांची झाकणं तळहाताने सारखी केली. मोठ्या मापाचा होता, छान बसला.

"शोभतोय हो," ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचेना.

तेव्हा कुठे तांगने गुओच्या तोंडाकडे पाहिलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्याला आवरेना.

"सकाळी कोट काढून देताना मी त्याला काय म्हटलं, माहीत आहे, मावशी? तीनच आठवडे झाले होते मला तो मिळून. मी म्हटलं, गुओदादा, नवा आहे, मळवू नकोस."