चमचाभर हळद

"घरचं काही औषध चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," केतकी चटकन म्हणाली. त्यांच्या कुत्र्याला, भैरूला, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आत नेलं.

तिच्या सासूबाई शालनताई बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. म्हाताऱ्या कुत्र्याचं लंगडणं त्यांना बघवत नव्हतं. गेला महिनाभर केतकी ऑफिसला गेली की त्या तुपात हळद कालवून, वर मिरपूड घालून त्याला चाटवत होत्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, असं सुनेनं बजावलं होतं. आता सांगावं तर घरात वाद, न सांगावं तर भैरूचा जीव टांगणीला.

शेवटी त्या दाराकडे धावल्या. "डॉक्टर, थांबा! मी त्याला रोज चमचाभर हळद देतेय."

डॉक्टर बाहेर आले. "हळदीनं रक्त थांबायला वेळ लागू शकतो. आज ऑपरेशन नको, आधी रक्त तपासू. बरं झालं सांगितलंत."

शालनताईंना सुनेकडे बघायचा धीर होईना. केतकीच मान खाली घालून पुढे आली.

"डॉक्टर, एक नाही, दोन चमचे धरा," ती पुटपुटली. "संध्याकाळचा मी देते."