बंद म्हणजे बंद

“बंद!” जिन्याखालच्या बोर्डातला ब्रेकर पाडून म्हाताऱ्या वायरमनने वर हाक दिली. माळ्यावर त्याची सून, घर गरम-गार करणाऱ्या यंत्राचं झाकण काढून वायरी जोडायला बसली होती. सासऱ्याच्या हाताखालीच ती धंदा शिकली. त्याचा दंडकच होता, मी बंद म्हटलं की बंद, माझ्या शब्दावर टेस्टर लावायचा नाही. लोक त्याला चेष्टेने ‘बंद म्हणजे बंद’ म्हणायचे आणि गडी त्यावरही खूश होता.

घरमालकीण चहा घेऊन आली. “काका, आज हीटर चालेल ना हो? आमच्या आई पार गारठल्यात.”

“चालेल म्हणजे? धावेल!” म्हातारा म्हणाला, आणि कपाकडे गेलेला त्याचा हात तसाच राहिला.

हीटर.

या यंत्राला दोन लाइनी होत्या. एक पंख्याची, एक हीटरची, आणि दोन्हींचे ब्रेकर वेगळे. येताना वाटेत त्यानेच सुनेला ऐकवलं होतं, “दोन्ही पाडायचे बरं का. एकावर विसंबलं की माणूस गेलाच.” त्याने बोर्डाकडे पाहिलं. पंख्याचा ब्रेकर खाली होता. शेजारचा वरच होता.

त्याने तो झटक्यात पाडला आणि कान लावला. माळ्यावर मघापासून चाललेली खुडबुड थांबली होती. कधी थांबली, ते त्याला आठवेना.

“सूनबाई!”

ओ आली नाही.

बाईंच्या हातातल्या कपाला धक्का देऊन तो शिडीला लागला. एरवी जिना चढताना गुडघ्यांच्या नावाने खडे फोडणारा माणूस, पण आता त्याला गुडघे आहेत हेच ठाऊक नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त नात होती. संध्याकाळी ती दारात येईल आणि विचारेल, आजोबा, आई कुठंय? एकदा ओ दे, तो मनात घोकत होता, एकदाच ओ दे गं पोरी.

माळ्याच्या तोंडातून त्याने डोकं वर काढलं. सून यंत्रासमोर मांडी घालून बसली होती. अगदी स्तब्ध. डोळे उघडे.

तेवढ्यात तिने दातांत धरलेले स्क्रू हातावर काढले. “ओ देणारच होते मामंजी. तोंड मोकळं नव्हतं.”

आणि दुसऱ्या हातातलं काहीतरी तिने पटकन मांडीखाली सरकवलं.

म्हातारा कसाबसा वर आला आणि मटकन फळीवर बसला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. वायरी यंत्राबाहेर तशाच लोंबत होत्या. एकीलाही हात लागलेला नव्हता.

“टेस्टर आहे ना तो?”

तिने तो मांडीखालून बाहेर काढला.

“पेटला होता?”

तिने मान डोलावली. “आत्ता विझला.”

“मग ओरडली का नाहीस?”

“खाली बाई आल्या होत्या ना,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्यांच्यासमोर कसं सांगायचं? म्हटलं, त्या आत गेल्या की सांगू.”

“रोज लावतेस?”

“रोज. रागावू नका.”

रागवायला त्याच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि सुनेसमोर रडायची लाजही वाटत होती. त्याने हात पुढे करून टेस्टर मागितला, बाहीने पुसला आणि परत तिच्याच हातात दिला.

“पुन्हा लाव. आधी त्या दिव्याच्या चालू प्लगमध्ये घाल, पेटतो का बघ. मग वायरींना. एकूण एक.”

प्लगमध्ये टेस्टर पेटला. वायरींवर पेटला नाही.

“काका, अहो काका!” खालून बाईंची घाबरलेली हाक आली. “काय झालं? बंद आहे ना सगळं?”

म्हाताऱ्याने सवयीने तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि सुनेला मानेने खूण केली, तूच सांग.