बेरिलमावशीचा केक

कीथ केकमधले अक्रोड वेचून बशीच्या कडेला ठेवत होता. लहानपणापासून त्याला अक्रोड चालत नसत.

“बावन्न वर्षांचा घोडा झाला, नि अजून निवडत बसतोय,” बेरिलमावशी समोर टेकत म्हणाली. “डेनिसचंही असंच. चेरी दिसली की नाक मुरडायचा. म्हणून यात एकही घातली नाही. ज्याची मयत, त्याच्या आवडीचा केक.”

डेनिसला पुरून सगळे लंडनच्या बर्मंडझी भागातल्या पबच्या माडीवर चहाला जमले होते. आठ दिवसांपूर्वी तो टेम्समध्ये तरंगताना सापडला. अठरा वर्षं तो आणि कीथ रॉय टॅन्स्लीसाठी पावडरच्या पुड्या विकत आले होते. धंद्यातला कुणी गेला की मावशी केक घेऊन हजर, आणि माणसं डोळे पुसता पुसता दुसरा तुकडा मागत.

“तो शेजारणीने आणलेला बघ. परवा केला, आज कापला. घशाखाली उतरेल का?” मावशीने आवाज खाली आणला. “सहा आठवडे मुरायला लागतो केक. दर रविवारी चमचाभर ब्रँडी पाजावी लागते. हल्ली कुणाला दमच नाही.”

रॉय तिच्या पाठीला उशी घेऊन आला. पोलीस आले तरी हा माणूस खुर्चीतून उठत नसे.

“गाडी आणू का, मिसेस पेनफोल्ड? तुम्ही दमला असाल.”

साऱ्या वस्तीची ती बेरिलमावशी. रॉय तेवढा अहो-जाहो करायचा. दर सोमवारी तिला बिंगो खेळायला स्वतः गाडीतून न्यायचा. रॉयला आई नव्हती, म्हणून असेल, असं कीथला वाटे. दगडालाही कुठेतरी ओल असते म्हणतात.

जिन्यात कीथने त्याला गाठलं.

“रॉय, मला सुटायचंय.”

रॉयने सिगारेट पेटवली. “आजचा मुहूर्त काढलास?”

“पोरीला मुलगी झालीय. जेमा म्हणते, हा धंदा सोडल्याशिवाय उंबरा चढायचा नाही. चार महिन्यांची झाली, मी अजून तोंड पाहिलं नाही तिचं.”

“माझ्या हातात असतं तर आत्ता सोडलं असतं. वरच्यांना विचारावं लागेल. सोमवारी भेट होते माझी, मंगळवारी सांगतो.”

वरचे म्हणजे कोण, हे कीथने कधी विचारलं नव्हतं. न विचारणारेच या धंद्यात पन्नाशी गाठतात.

“डेनिसनेही विचारलं होतं ना?” तो म्हणाला.

“विचारलं, नि त्यालाही हो मिळालं होतं. सुटायला दोन दिवस राहिले नि गडी ढोसून धक्क्यावर गेला. आता त्याला वरचे काय करणार?”

रविवारी मावशीकडे जेवण होतं. कीथ पाच वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि बेरिलने त्याला उचलून घरी आणलं. माय मरो आणि मावशी जगो, ही म्हण ज्याने केली त्याने या बाईचं घर पाहिलं असावं. भाजलेलं मटण, बटाटे, वर हात सैल सोडून ओतलेला रस्सा. रॉयला सांगितलेलं सगळं त्याने तिला सांगितलं. तिच्यापासून त्याने कधी काही चोरून ठेवलं नव्हतं. कुठला माल कुठून येतो, कुणाच्या दारात जातो, सगळं तिला माहीत.

“मला भीती वाटते, मावशी. डेनिससारखं काही...”

“डेनिस पीत होता रे. तू थेंबाला शिवत नाहीस.” तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. “किती लोकांची नावं आहेत तुझ्या डोक्यात?”

“सगळ्यांची.”

“पोलिसांनी उद्या दार ठोठावलं तर?”

“मी तोंड उघडेन असं वाटतं तुला?”

“मला नाही वाटत. माझं काय, मी म्हातारी बाई.” डोळ्यांत पाणी आलं, ते तिने एप्रनने टिपलं. “नातीचं नाव काय ठेवलंय?”

“बेरिल,” कीथ म्हणाला.

मावशी उठली आणि बराच वेळ नळाखाली एकच ताट धूत राहिली.

मंगळवारी सकाळी रॉयने त्याला आपल्या टॅक्सीच्या ऑफिसात बोलावलं. “वरचे हो म्हणाले. सहा आठवडे काम कर, नव्या माणसाला गिऱ्हाइकं दाखव, मग तू मोकळा.”

“एवढंच?”

“एवढंच.” रॉय टेबलावरचे कागद सारखे करत होता. त्याने मान वर केली नाही.

अठरा वर्षांचं जोखड मानेवरून उतरलं. कीथने तिथूनच जेमाला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, “सहा आठवड्यांनी येच बाबा. तिला मांडीवर घे.” तो तडक मावशीकडे निघाला. वाटेत फुलं घेतली, आयुष्यात पहिल्यांदा.

मावशी स्वयंपाकघरात बाह्या सारून मोठ्या भांड्यात केकचं पीठ फेटत होती. मनुका, संत्र्याची साल, ब्रँडी. वास दारापर्यंत आला होता. डोळे सुजल्यासारखे दिसत होते.

“मावशी, हो म्हणाले!”

“बरं झालं रे बाळा.” तिने फुलं घेतली, त्याचा गाल कुरवाळला आणि पुन्हा चमचा हातात घेतला.

“हा काय, बारशाचा केक?”

“बारशाचा मी कधी केलाय?”

“मग कुणी गेलं की काय?”

“नाही. कुणी नाही.” ती फेटत राहिली. “मुरायला वेळ लागतो, म्हणून आजच घेतला करायला.”

लहानपणी करायचा तसं कीथने भांड्याच्या कडेचं पीठ बोटाने पुसून तोंडात घातलं. सवयीने जीभ दातांमागे अक्रोडाचा तुकडा शोधू लागली.

“शोधू नकोस,” मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाली. “यात अक्रोड घातलेच नाहीत.”