साहेबांचं फूल

लेकीचा डबा भरता भरता बाबा म्हणाले, "आज परत वृक्षारोपण? कॅमेरा समोर आल्याशिवाय तुझा साहेब रोपाला पाणीही घालायचा नाही. एकदा तरी सांग त्याला, फोटो नाही काढणार." पालिकेच्या जनसंपर्क विभागात नोकरी करणारी अनुया नेहमीसारखी नुसती हसली. दुपारी शिवमंदिराजवळ ती साहेबांना आणि वृक्षारोपणातल्या भागीदार कंपनीच्या पाहुण्यांना एका फ्रेममध्ये बसवत होती, तेव्हा घरी बाबा हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

दोन दिवसांनी साहेब सांत्वनाला आले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. बाबांच्या तसबिरीपुढे फूल धरून वाकले आणि तसेच थांबले. मग मान न वळवता हळूच म्हणाले, "अनुया, घेतेस ना फोटो?"

 

"फोटो नाही काढणार, साहेब. फूल वाहा आणि निघा."