भिंतीवरच्या मुंग्या

"भिंतीवरून मुंग्या चालल्यात," भार्गवराव आयसीयूतल्या खाटेवरून पुन्हा म्हणाले, तसा त्यांच्या मनगटावरचा पट्टा लाल झाला. भास ओळखून गुंगीचं औषध पट्टाच सोडायचा. त्यांची मान कलली.

"होतात असे भास," पट्ट्याकडेच बघत सिस्टर म्हणाली.

त्यांच्या बायकोला, इंदुमतीबाईंना, ते पटेना. त्यांनी भिंतीशी वाकून पाहिलं. ग्लुकोजची बाटली गळत होती आणि मुंग्यांची रांग थेट नवऱ्याच्या हातातल्या सुईपर्यंत पोचली होती.

"काकू, तुम्हालाही दिसतंय का काही?" सिस्टरने विचारलं.

भेटायला येणाऱ्यांनाही दारात पट्टा बांधत. इंदुमतीबाईंचा अजून हिरवा होता. एक मुंगी त्यांच्या बोटाला कडकडून चावली.

"नाही हो," त्या म्हणाल्या.