शेवटच्या फाइलची पोच

आज फाइलमध्ये एकही कागद कमी नव्हता, म्हणूनच परिशिष्टराव आवक खिडकीकडे रेंगाळत चालले होते.

कंत्राटदाराच्या या कारकुनाला हे नाव साऱ्या साइटने मिळून ठेवलं होतं. इस्पितळाची इमारत उभी राहायला साडेचार वर्षं लागली. तेवढ्या काळात करार, सुधारित नकाशे, मुदतवाढीचे अर्ज असं जे काही इस्पितळ बांधून घेणाऱ्या मालकाच्या कार्यालयात द्यायचं असे, ते घेऊन हेच जायचे. आणि दर वेळी नेमकं एखादं परिशिष्ट जोडायचं राहायचं. आवक खिडकीतल्या बाई पानं मोजायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "परिशिष्ट तीन राहिलं. उद्या घेऊन या." साइटवर हसून हसून लोकांची पुरेवाट व्हायची. हा एकटा राहणारा माणूस घरी लाइटबिलंसुद्धा तारीखवार लावून ठेवतो, हे त्यांना कुठं ठाऊक होतं!

आज मात्र हस्तांतराची फाइल होती, शेवटची. साहेबांनी स्वतः एकेक पान तपासलं, दोऱ्याने शिवून घेतलं आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात परिशिष्टरावांची रवानगी दुसऱ्या गावी, पुलाच्या कामावर होती. या खिडकीशी यायला आता कारणच उरणार नव्हतं.

बाईंनी पानं मोजली. मग पुन्हा मोजली.

"सगळं आहे?"

"सगळं आहे." चोरी कबूल करावी तसे ते म्हणाले.

"परिशिष्ट तीन?"

"तेही आहे."

"हं." बाईंनी शिक्का उचलला. "म्हणजे संपलं की तुमचं काम."

साडेचार वर्षं मनात घोळवलेलं एक वाक्य त्यांच्या ओठांशी आलं. तेवढ्यात रांगेतला मागचा माणूस खाकरला, "आटपा की राव!" परिशिष्टरावांनी वाक्य गिळलं, पोच घेतली आणि ते बाजूला झाले.

जिना उतरता उतरता त्यांनी सवयीने पोच वाचली. शिक्का होता, सही होती. तारखेची जागा कोरी होती.

ते थांबले. तारीख नसली तर बाई भल्याभल्यांचे कागद परत पाठवत. त्यांनी स्वतः दिलेल्या पोचेवर तर ती आजवर कधीच चुकली नव्हती.

या वयात दोन-दोन पायऱ्या चढू नयेत. ते चढले. खिडकीशी आता कुणी नव्हतं.

"बाई, तारीख राहिली."

बाईंनी मान वर केली नाही. हातात टोपण काढलेलं पेन होतं, समोरच्या भिंतीवर हातभर लांबीचं कॅलेंडर.

"उद्या घेऊन या," त्या म्हणाल्या.